रोलर वेग ठरवत नाही

पुण्याच्या नाना पेठेत स्कूटरच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने लागतात. तिथे व्हेरिएटरचे, म्हणजे बेल्टच्या पुढच्या पुलीतले, रोलर मागितले, तेव्हा मला वजनाआधी एकच प्रश्न विचारला गेला : ‘पिकअप पाहिजे की टॉप?’ हा प्रश्न त्या एका दुकानाचा नाही. गॅरेजात, कॉलेजच्या पार्किंगमध्ये, सर्व्हिसिंगच्या रांगेत तो याच शब्दांत ऐकू येतो. त्यामागे एक पुरा सिद्धान्त आहे. हलका रोलर टाकला की गाडी झपकन सुटते, जड टाकला की शेवटचा वेग वाढतो, आणि दोन्ही एकत्र मिळत नाहीत. बिनगिअरच्या स्कूटरचे ट्यूनिंग म्हणजे या दोहोंतली निवड, असे बहुतेक सगळे मानतात.

हा सिद्धान्त अर्धा बरोबर आहे, आणि म्हणूनच तो पूर्ण चुकीच्या सिद्धान्ताहून अधिक घात करतो. मी माझी बाजू मांडतो. निवाडा वाचकाने करावा.

प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट ऐकून घेऊ, कारण ते पोकळ नाही. त्यांचा दाखला गिअरच्या गाडीचा आहे. जुन्या चेतक स्कूटरवर पहिल्या गिअरमध्ये इंजिन ओरडायचे आणि गाडी ओढायची. चौथ्यात इंजिन शांत व्हायचे आणि गाडी पळायची. बेल्टच्या गाडीत गिअर बदलण्याचे काम पुढच्या पुलीतले रोलर करतात. हलके रोलर उशिरा सरकतात, म्हणजे गाडी जास्त वेळ ‘खालच्या गिअरमध्ये’ राहते : पिकअप. जड रोलर लवकर सरकतात, म्हणजे गाडी लवकर ‘वरच्या गिअरमध्ये’ जाते : टॉप. या युक्तिवादाच्या पाठीशी अनुभवही उभा आहे. हलके रोलर टाकलेला माणूस सिग्नलवरून सुटताना फरक जाणवल्याचे सांगतो, आणि तो खोटे बोलत नाही. ज्या हातांनी हजारो गाड्या खोलल्या, ते हात हेच सांगतात.

आता दोष पाहू. गिअर म्हणजे दोन चाकांमधले गुणोत्तर. रोलर हे गुणोत्तर नाही. ते वजन आहे. प्रतिपक्षाने एकाचे गुण दुसऱ्याच्या अंगावर चढवले आहेत, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

पुढच्या पुलीचे दोन चेहरे असतात, एक पक्का आणि एक सरकता. सरकत्या चेहऱ्याच्या पाठीला उतरत्या वाटा कोरलेल्या असतात. त्यांत रोलर बसतात, बहुतेक गाड्यांत सहा, आणि त्यांच्या मागे रॅम्प प्लेट. इंजिन फिरू लागले की रोलर बाहेर फेकले जातात, वाटेवर चढतात आणि सरकता चेहरा पुढे ढकलतात. दोन चेहऱ्यांमधली फट कमी होते, बेल्ट कडेकडे चढतो. बेल्टची लांबी ठरलेली असल्याने मागच्या पुलीत तो तेवढाच आत ओढला जातो, आणि तिथली स्प्रिंग दाबली जाते. म्हणजे पुढून रोलर ढकलतात, मागून स्प्रिंग अडवते. या दोघांचा तोल जिथे साधतो, ते त्या क्षणाचे गुणोत्तर.

रोलर ज्या बलाने बाहेर फेकला जातो, ते त्याच्या वजनाच्या आणि इंजिनच्या फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात असते. मागची स्प्रिंग तीच असेल, तर रोलर हलका केल्यावर तेवढाच जोर यायला इंजिनला जास्त फेरे घ्यावे लागतात. किती जास्त? वजनांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाइतके. समजा १८ ग्रॅमचे रोलर काढून १५ ग्रॅमचे घातले. १८ भागिले १५ म्हणजे १.२, त्याचे वर्गमूळ सुमारे १.०९५. बेल्ट सरकताना इंजिन पूर्वी मिनिटाला ६५०० फेऱ्यांवर राहत असेल, तर आता ते साधारण ७१०० वर राहील. मागच्या पुलीतल्या इतर बलांमुळे आकडा थोडा हलतो, दिशा हलत नाही.

या हिशेबात रस्त्यावरचा वेग कुठे आला? कुठेच नाही. पिकअपही आले नाही. आले ते फक्त इंजिनचे फेरे. गाडीचा वेग वाढत असताना आणि बेल्ट चढत असताना इंजिनला कोणत्या फेऱ्यांवर धरून ठेवायचे, एवढेच रोलरचे वजन सांगते. बाकी जे काही होते, ते इंजिन त्या फेऱ्यांवर किती शक्ती देते यावरून होते.

मग जड रोलरने वेग वाढतो, या विधानाचे काय? अन्वय-व्यतिरेकाच्या कसोटीवर, म्हणजे कारण असले की परिणाम दिसतो का आणि नसले की जातो का असे, ते धरून पाहू. बेल्ट पुढच्या पुलीत जास्तीत जास्त किती वर चढेल हे बेल्टची रुंदी, चेहऱ्यांचा आकार, मधल्या बुशची लांबी आणि रोलरचा व्यास ठरवतात. या सगळ्या मापाच्या गोष्टी आहेत. वजन त्यात नाही. रोलर एकदा वाटेच्या टोकाला पोहोचला की तो १२ ग्रॅमचा असो वा १८ चा, चेहरे तितकेच मिटलेले आणि बेल्ट तितकाच चढलेला. तिथून पुढे ही गाडी एकाच गिअरची गाडी असते : इंजिनचे फेरे वाढतील तसा वेग वाढेल, ठरलेल्या प्रमाणात. जड रोलरने ते टोक लवकर गाठले. पण टोक पुढे सरकवले का? जे स्वतः टोकाला अडकून बसले आहे, ते गाडीला त्यापलीकडे कसे नेईल?

पुरावा हवा असेल तर तो घरी, एका मार्करने मिळतो. बेल्टचे कव्हर काढा. पुढच्या पुलीच्या पक्क्या चेहऱ्यावर मध्यापासून कडेपर्यंत मार्करने एक सरळ रेघ ओढा. कव्हर लावा, गाडी मोकळ्या रस्त्यावर तिच्या पुऱ्या वेगाने चालवून आणा आणि कव्हर पुन्हा काढा. बेल्ट जिथवर चढला तिथवर रेघ पुसलेली दिसेल. मूळ रोलरने ती जितकी पुसली, त्याहून जड रोलरनेही तितकीच पुसली, तर ‘जड रोलर म्हणजे टॉप’ या म्हणण्याला आधार उरत नाही.

मग हा अनुभव लोकांना आला तरी कुठून? मला वाटते, तो असा आला. कोणीतरी आधी अतिहलके रोलर टाकले. ते इतके हलके की इंजिन सगळे फेरे घेऊनही त्यांना टोकापर्यंत ढकलता येईना. बेल्ट अर्ध्यावर राहिला, वेग पडला. मग त्याने जड रोलर टाकले आणि गेलेला वेग परत मिळाला. त्याला वाटले, वेग वाढला. खरे तर बिघडवलेले दुरुस्त झाले. याच वजनाला मूळ मापाच्या पुढे नेले असते, तर वेग वाढायचा थांबला असता, आणि चढणीवर कमीच झाला असता. इथे हेतू, म्हणजे अनुमानाचे कारण, एका ठिकाणी लागू पडतो आणि दुसऱ्या ठिकाणी पडत नाही. न्यायशास्त्रात अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात आणि त्यावर अनुमान उभे करत नाहीत.

इथे एक दुसरा, अधिक अभ्यासू प्रतिपक्ष पुढे येतो. तो म्हणतो : ‘मान्य, रोलर फेरे ठरवतात. पण मग इंजिनला त्याच्या कमाल टॉर्कच्या फेऱ्यांवर धरा. फिरवण्याचा जोर तिथे सर्वांत जास्त, म्हणून ओढही तिथेच सर्वांत जास्त. उगाच इंजिन ओरडवून काय मिळते?’ हे म्हणणे ऐकायला इतके शहाणपणाचे वाटते की मीही बरीच वर्षे तेच मानत होतो. म्हणून त्याला सावकाश उत्तर देतो.

अ‍ॅक्टिव्हाच्या ६जी आवृत्तीचे जाहीर आकडे घेऊ. कमाल टॉर्क ५२५० फेऱ्यांना ८.७९ न्यूटन-मीटर. कमाल शक्ती ८००० फेऱ्यांना ५.७३ किलोवॅट, म्हणजे पावणेआठ अश्वशक्तीच्या आसपास. शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग. या सूत्राने ५२५० फेऱ्यांवरची शक्ती काढली तर ती ४.८३ किलोवॅट भरते. उलट हिशेबाने ८००० फेऱ्यांवरचा टॉर्क ६.८४ न्यूटन-मीटर येतो. म्हणजे ५२५० वरून ८००० वर जाताना टॉर्क २२ टक्क्यांनी घसरला. प्रतिपक्ष इथे थांबतो आणि जिंकलो म्हणतो.

पण गाडी ताशी ४० किलोमीटरने चालली आहे असे धरा. चाकाचे फेरे या वेगाला ठरलेले आहेत. ते इंजिनच्या आवडीने बदलत नाहीत. इंजिन ८००० फेऱ्यांवर ठेवायचे, तर मधले गुणोत्तर ५२५० च्या तुलनेत ५२ टक्क्यांनी ‘खालचे’ लागेल. आणि गुणोत्तर जितके खालचे, तितका टॉर्क चाकापर्यंत जाताना वाढतो. २२ टक्के गमावले, ५२ टक्क्यांनी गुणले. मधली गळती बाजूला ठेवली तर ५२५० फेऱ्यांवर मागचे चाक गाडीला सुमारे ४३५ न्यूटनने ढकलते, आणि ८००० फेऱ्यांवर सुमारे ५१६ ने. गाडी तीच, वेग तोच, पेट्रोलची मूठ पूर्ण उघडलेली तशीच. ढकल जवळपास १९ टक्क्यांनी जास्त. ४० च्या जागी ३५ घ्या किंवा ६० घ्या, ढकलीचा आकडा बदलेल, प्रमाण बदलणार नाही. चाकावरचे बल म्हणजे शक्ती भागिले गाडीचा वेग. त्यात इंजिनचा टॉर्क सुटा कुठेही येत नाही.

कमाल टॉर्कचे फेरे गिअरच्या गाडीत महत्त्वाचे असतात, कारण तिथे गुणोत्तरे मोजकी असतात आणि दोन गिअरांच्या मधे इंजिनला फेऱ्यांचा मोठा पल्ला ओढत न्यावा लागतो. बेल्टच्या गाडीला ती सक्ती नाही. तिच्याजवळ गुणोत्तरांची अखंड रांग आहे. तिला इंजिन एका जागी, शक्तीच्या शिखरावर, धरून ठेवता येते आणि वेग त्याच्याखालून वाढत जातो. हा या यंत्राचा मुख्य गुण आहे. तोच आपण ‘ओरडते’ म्हणून टाकून द्यायचा?

आता पहिल्या सिद्धान्तातला खरा अर्धा भाग कुठे बसतो ते दिसेल. रोजच्या वापराची स्कूटर कारखान्यातून निघताना सहसा शिखराच्या जरा खाली धरलेली असते : आवाज कमी, पेट्रोल कमी, इंजिनला आराम. रोलर थोडे हलके केले की इंजिन शिखराकडे सरकते आणि ढकल खरोखर वाढते. सिग्नलवरचा तो अनुभव खरा आहे. पण शिखर ओलांडून आणखी हलके केले की शक्ती उतरू लागते आणि ढकल कमी होते. आवाज मात्र वाढतच जातो. कान आवाज ऐकतो आणि पाठीला धक्का बसल्याचे मनाला पटवतो. कान हे वेगाचे माप नाही. घड्याळ आहे.

स्प्रिंगांबद्दल थोडक्यात. मागची स्प्रिंग कडक केली की तीही इंजिनचे फेरे वाढवते, म्हणून अनेक जण तिला पिकअपची चावी समजतात. पण तिचे पहिले काम बेल्टला धरून ठेवण्याचे आहे. गरजेहून कडक स्प्रिंग बेल्ट चिमटते, तापवते आणि झिजवते. मिळालेली शक्ती तिथेच उष्णता होऊन जाते. क्लचच्या छोट्या स्प्रिंगा फक्त क्लच शूने आऊटरला कधी टेकायचे ते ठरवतात. गाडी सुटल्यावर त्यांचा काहीही संबंध उरत नाही. बंपर-टू-बंपर रहदारीत कडक क्लच स्प्रिंग लावून फिरणारा माणूस शू जाळत फिरत असतो.

पण मागच्या पुलीत एक भाग असा आहे ज्याच्याकडे कोणी बघत नाही, आणि माझे सगळ्यांत जास्त प्रेम त्याच्यावर आहे. मागच्या पुलीचा सरकता चेहरा सरळ आत-बाहेर होत नाही. तो तिरक्या खाचांत बसलेल्या पिनांवर वळत सरकतो. खंबाटकी घाटात चढ लागला, चाकावर भार आला, की या चेहऱ्याला पीळ बसतो आणि तिरकी खाच त्या पिळाचे रूपांतर दाबात करते. मागची पुली मिटते, बेल्ट मागे वर चढतो, पुढे खाली ओढला जातो, आणि इंजिनचे फेरे पडत नाहीत. म्हणजे चढावर स्वतःहून गिअर खाली घेणारी ही खाच आहे. १९५८ साली नेदरलँड्सच्या डॅफने आपल्या छोट्या मोटारीत रबरी बेल्टची हीच रचना आणली, तेव्हा ड्रायव्हरच्या पायाचा इरादा पुलीपर्यंत पोहोचवायला त्यांनी फिरत्या वजनांच्या जोडीला इंजिनची निर्वात ओढ वापरली होती. स्कूटरमध्ये ती सोय नाही. रोलरला मूठ किती उघडली हे कळत नाही. ते कळते फक्त या तिरक्या खाचेला.

माझी स्वतःची गाडी घाटात मरायची. एका गॅरेजात तिचे रोलर तीनदा बदलले गेले, दर वेळी वेगळे वजन, दर वेळी वेगळे आश्वासन. शेवटी मागची पुली खोलली तेव्हा खाचांतले ग्रीस वाळून मेणासारखे झालेले सापडले. पिना अडकत होत्या. साफ करून नवे ग्रीस भरले, मूळ वजनाचे रोलर परत टाकले, आणि गाडी चढ चढली. चूक मेकॅनिकची म्हणण्यापेक्षा त्या प्रश्नाची होती. ‘पिकअप की टॉप’ असा प्रश्न विचारला की उत्तर रोलरमध्येच शोधले जाते.

बेल्टचेही तसेच. बेल्ट झिजतो म्हणजे अरुंद होतो. अरुंद बेल्ट मिटलेल्या पुढच्या पुलीत पुरता कडेला पोहोचत नाही, म्हणून वरचा वेग जातो. तोच बेल्ट सुटताना मिटलेल्या मागच्या पुलीतही खाली बसतो, म्हणून सुरुवातीची ओढ जाते. दोन्ही टोके एकाच झिजेने गेली. आता प्रतिपक्षाला विचारा : एक मिळवायला दुसरे सोडावेच लागत असेल, तर एका नव्या बेल्टने दोन्ही परत कसे येतात? मापपट्टी घेऊन बेल्टची रुंदी कंपनीच्या किमान मापाशी ताडून पाहणे हे निम्मे ट्यूनिंग आहे. एका बाजूने चपटे झालेले रोलर त्या चपट्या जागी अडतात, हेही त्यात धरा. आणि हवा खेळावी म्हणून कव्हरला भोके पाडणाऱ्यांना विनंती : आपल्याकडे आठ महिने धूळ आहे आणि चार महिने चिखल. तो सगळा पुलीच्या चेहऱ्यावर पॉलिश कागदासारखा फिरतो.

एक शेवटचा आक्षेप उरतो, तो बेल्टच्या जातीवरच. बेल्टची गाडी बायका-म्हाताऱ्यांची, वेगाचा माणूस गिअरच घेतो, हे मी १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली त्या काळापासूनच्या गप्पांत ऐकले आहे. रबरी बेल्टमध्ये साखळीपेक्षा जास्त शक्ती वाया जाते हे मान्य. पण तत्त्व म्हणून बेल्ट मंद आहे का? १९९३ मध्ये विल्यम्स संघाने आपल्या फॉर्म्युला वन मोटारीत बेल्टची अखंड गुणोत्तराची पेटी बसवली. तेव्हाचे त्यांचे चाचणी चालक डेव्हिड कुल्टहार्ड यांनी ती पेम्ब्रीच्या ट्रॅकवर चालवून पाहिली. ती शर्यतीत कधी उतरली नाही, कारण १९९४ च्या नियमांनी अशी पेटीच बाद केली. नियम पिछाडीवरच्या यंत्राला आवर घालण्यासाठी करावा लागत नाही.

हे सगळे म्हणताना एक गोष्ट मी प्रतिपक्षाला खुशाल देतो. इंजिन शिखरावर धरले की रोजच्या चालीतही ते जास्त फिरते आणि पेट्रोल जास्त पिते. ज्याला महिन्याच्या पेट्रोलचा हिशेब जपायचा आहे, त्याने मूळ रोलरच ठेवावेत. त्याचा निर्णय योग्य आहे. आणि १० टक्के वेग वाढवायला नुसत्या हवेच्या विरोधापोटी ३३ टक्के जास्त शक्ती लागते. ती शक्ती पुलीत कुठेही साठवलेली नाही. बेल्ट, रोलर, स्प्रिंग मिळून शक्ती वाया न घालवता पोहोचवू शकतात, निर्माण करू शकत नाहीत.

ज्याला तरीही हात घालायचा आहे त्याने स्पार्क प्लगच्या तारेला गुंडाळायचा साधा टॅकोमीटर आणावा. आधी बेल्ट मोजावा, खाचा साफ कराव्यात, सहाही रोलर नवे आणि एकाच वजनाचे घ्यावेत. मग पूर्ण मूठ उघडून गाडी वेग घेत असताना काटा कुठे थांबतो ते पाहावे. शिखराच्या खाली थांबला तर सगळे रोलर अर्ध्या-अर्ध्या ग्रॅमने हलके करत जावे, वर थांबला तर जड. दर वेळी त्याच रस्त्यावर, दोन्ही दिशांनी, घड्याळ लावून, आणि दर वेळी चेहऱ्यावर मार्करची नवी रेघ ओढून. काटा शिखरावर थांबला आणि रेघ कडेपर्यंत पुसली गेली, की हात धुऊन कव्हर लावावे.